डायनामो चांगला होता, तरी माझ्या गळ्यात दुसरा मारला

सोळा हजार चारशे पन्नास रुपये. आकडा लिहितानाही कानशिलं तापतात.

2009 ची गाडी. सकाळी सेल्फ मारला की नुसतं गर्र... गर्र, मग टक टक आणि सगळं थंड. पुढचा क्रम तुम्हाला ठाऊकच असेल: आधी 'बॅटरी गेली', मग 'डायनामो गेला' (म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर), मग 'वायरिंग करावं लागेल'.

गॅरेजवाल्याला बॅटरीचे 5,400 दिले. जुनी त्याने ठेवून घेतली आणि तिचा एक रुपयाही वळता केला नाही. जुन्या बॅटरीतल्या शिशाला पैसे मिळतात, तेव्हा आधी भाव ठरवा, मगच हात लावू द्या. सहा दिवस गाडी बरी चालली. सातव्या दिवशी पुन्हा तेच.

आणि आता तो क्षण, जो अजून झोपेतही दिसतो. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मी शेजारीच उभा. गॅरेजवाल्याने मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, बॅटरीला लावला. 12.9. "बघा साहेब, चार्जिंगच नाही." चालू गाडीत साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत, त्यामुळे मी मान डोलावली. मग त्याने लाल पिन डायनामोच्या मागच्या बोल्टवर टेकवली आणि काळी डायनामोच्याच अंगावर. 14.2! मी डोळ्यांनी पाहिलं, आणि लगेच त्याने पिना उचलल्या. डायनामो 14.2 देतोय आणि बॅटरीला 12.9 मिळतायत, म्हणजे 1.3 व्होल्ट वाटेतच कुठेतरी जातायत. एवढं गणित मला येतं. तरी मी तोंड उघडलं नाही.

का नाही उघडलं? आईला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला डायलिसिसला न्यायचं होतं. तिची वेळ चुकवून चालत नाही. अशा वेळी माणूस भांडत बसत नाही, गाडी चालू करून घेतो.

'नव्या कोऱ्या' डायनामोचे 8,750, वायरिंगचे 2,300. घरी आल्यावर डायनामोवरून अंगठा फिरवला तर चंदेरी रंग बोटाला लागला. खाली जुना गंज. माझा मूळचा डायनामो कुठे, विचारलं तर "एक्सचेंजमध्ये गेला." काढलेला पार्ट तिथल्या तिथे मागून घ्या, डिकीत टाका, मगच पैसे द्या.

आठवडाभरात गाडी पुन्हा बंद. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने सेल्फ मारायला लावून एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनला लावली. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको, दिसले दोनाच्या वर. इंजिनवरून बॉडीला येणारी अर्थची पट्टी त्याने सोडवली; करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जातो तो हिच्यातूनच. थिंबलमध्ये (बोल्टला कसायच्या टोकात) हिरवी पूड भरलेली, निम्म्या तारा तुटलेल्या. नवी पट्टी आणि मजुरी मिळून 380 रुपये. पंधरा मिनिटांचं काम!

आणि हो, इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून 'डायनामो टेस्ट' करणाऱ्याला तिथेच थांबवा. व्होल्टेज उसळून गाडीचा कंप्युटर जळू शकतो. माझ्या गाडीवर त्या पहिल्या गॅरेजवाल्याने हेही केलं होतं.

पोलिसांकडे गेलो. "हा दिवाणी मामला, आणि बिल कुठाय?" बिल म्हणजे कोऱ्या कागदावरचे तीन आकडे. दोन तास बाकावर बसवलं, अर्जाची पोचही दिली नाही. परिवहन कार्यालयात म्हणाले, गॅरेज आमच्याकडे येत नाही. फोनवर तक्रार नोंदवली, तर बावीस दिवसांनी मेसेज: 'समोरच्याकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद.' फसवणारा फोन उचलत नाही म्हणून तक्रार माझी बंद! मग दाद मागायची कुणाकडे? प्रत्येक खिडकीवर माझ्याकडे असं बघितलं, जणू चोरी मीच केली.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, हे मला एकाही खिडकीवर कुणी सांगितलं नाही. यूपीआयच्या तिन्ही नोंदी छापून घेतल्या आहेत, दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने आकडे लिहून सही दिली आहे. ती सडकी पट्टी पिशवीत घालून सोबत जोडतोय. सोमवारी अर्ज दाखल करतो.