कूलरच्या घरघरीत मेटल ऐकायचं तर कोणता हेडफोन घ्यावा

पहिलेच सांगतो, मी काही साउंड इंजिनिअर नाही, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, घरी पऱ्हाटी आन् सोयाबीन, आणि रात्री जेवण झालं की बाजेवर आडवं पडून हेवी मेटल, म्हणजे करकरत्या गिटारचं जोरदार रॉक संगीत, ऐकतो. गावात हा शौक असलेला मी एकटाच. 2011 ला मेटालिका हा मेटल बँड बंगळुरूला येऊन गेला तेव्हा मी सहावीत होतो, नावही माहीत नव्हतं, पुढं होस्टेलवर एका रूममेटनं पेनड्राइव्ह दिला आणि तिथून जे लागलं ते लागलंच.

घरी स्पीकरवर लावायची सोय नाही. एकदाच लावला होता तर आजी बाहेरून ओरडली, "काहून बे, घरात हडंबा सुरू केला का?" आणि खरं सांगू का, आजीचं फार चुकलं नव्हतं, डबल बास, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायचा मोठा ढोल, जोरात सुरू असली की सोयाबीन काढायच्या हडंब्यासारखीच वाटते. म्हणून हेडफोन.

पहिला हेडफोन मी सगळे घेतात तसाच घेतला, ऑनलाइन सेलमधे तेराशे रुपयाचा ब्लूटूथवाला, डब्यावर मोठ्या अक्षरात एक्स्ट्रा बास. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या भावात असे सतरा ब्रँड आहेत आणि मला तरी सगळे एकाच खाणीतले दगड वाटतात. कुरिअरवाला गावात येत नाही, फोन करतो, "भाऊ, स्टँडवर या", मग चौदा किलोमीटर गाडी हाणायची. घरी आणला, हिंदी गाणी लावली तर मस्त, ढोल दणदण. मेटल लावलं आणि सगळा चिखल. गिटार कुणी गोधडीखाली बसून वाजवून राहिला असं वाटे, गाणारा शेजारच्या घरातून ओरडून राहिला, आणि वरून नुसतं धुडुम धुडुम. आठ महिन्यांनी बिजागरी तुटली, चिकटपट्टी लावून आणखी चार महिने काढले.

मग डोकं लावून वाचायला लागलो की असं का होते. गिटारची सगळ्यात जाड तार सरळ ट्यूनिंगला 82 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 82 कंपनं, वाजते, आणि मेटलवाले तर ती अजून ढिली करतात. याची गोष्ट मला लय आवडते. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, सतरा वर्षांचा असताना मशीनमधे उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटंच ती. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोप्या बनवल्या, आणि पुढं 1971 च्या अल्बमला तारा दीड सूर ढिल्या केल्या, बोटाला त्रास कमी आणि आवाज जड. आमच्याकडं हडंब्यात बोटं गेलेली माणसं गावोगाव सापडतील, त्यामुळं ही गोष्ट वाचली तेव्हा मला इंग्लंड काही लांब वाटलं नाही.

तर मुद्दा असा की त्या ढिल्या तारेचा सूर 69 हर्ट्झच्या आसपास येतो, बास गिटार त्याच्याही खाली, आणि ढोलाचा दणका तिथंच. म्हणजे खाली आधीच गर्दी. त्यात एक्स्ट्रा बासवाला हेडफोन तोच भाग आणखी फुगवतो, आणि गिटारचा खरा करकरीतपणा, गाणाऱ्याचा घसा, ढोलावर मोगरी पडल्याचा टक् असा आवाज, हे सगळं असते मधल्या आणि जरा वरच्या भागात, ते दबून जाते. डब्यावर बास बास लिहिलेलं असलं की मेटलवाल्यानं तो डबा खाली ठेवावा, बस.

गेल्या दिवाळीआधी सोयाबीनचे पैसे आले आणि नागपूरला काम होतं, तर सीताबर्डीला एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणे, "बेस चाहिए ना भैया?" मी म्हटलं बेस नहीं, गिटार सुनाई देना चाहिए. तो माझ्याकडं असा पाहे जसा मी पानठेल्यावर कोथिंबीर मागितली. पण बिचाऱ्यानं चार-पाच काढून दिले, माझ्या मोबाइलवर लावू दिले, आणि त्यात ऑडिओ टेक्निकाचा एटीएच-एम20एक्स होता. चार हजारावर गेला. बाबांना पंधराशे सांगितले.

घरी येऊन रात्री लावला. मी टेस्टला एकच तुकडा ठेवला आहे, 200 च्या स्पीडचं गाणं, डबल बास सलग. हिशोब करा, 200 बीपीएम म्हणजे मिनिटाला 200 ताल, दर तालात चार ठोके, म्हणजे सेकंदाला तेरा. जुन्या हेडफोनवर ते तेरा ठोके मिळून एक घर्रर्र व्हायचं, ट्रॅक्टर न्यूट्रलवर उभा असल्यासारखं. यावर टकटकटकटक, एकेक वेगळा, मधे एक ठोका जरा हळू पडलेला तोही समजला. उजव्या कानात एक गिटार, डाव्या कानात दुसरी, दोन्ही एकच रिफ, म्हणजे फिरून फिरून येणारा गिटारचा तुकडा, वाजवून राहिले पण जरासा फरक, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. तीच तीन गाणी रात्री दीडपर्यंत ऐकली.

आता बाकीचं पटपट. बंद कपाचा आहे, 40 एमएमचा ड्रायव्हर म्हणजे आतला छोटा स्पीकर, 47 ओहमचा रोध, मोबाइलवर चालतो पण माझ्या फोनवर आवाज बराच वर न्यावा लागते. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचं कनेक्टर वेगळं घ्या. केबल तीन मीटर आणि निघत नाही, स्टुडिओसाठी बनवलेला आहे म्हणून. बाजेच्या पायात अडकते, मी गुंडाळून रबर लावून टाकला. एकदम खालचा छातीत बसणारा बास पाहिजे असेल तर हा नाही, डीजेवाल्यांनी दुसरा पाहावा.

बंद कपच का, तर कूलर. बाहेरचे लोक सेमी-ओपन, म्हणजे अर्धवट उघड्या कपाच्या, सुपरलक्स एचडी681 ची लय तारीफ करतात, स्वस्तात मोकळा आवाज म्हणून, त्याचे उंच सूर जरा टोचतात असंही म्हणतात, पण त्यांच्या घरात पत्र्याचा कूलर घरघरत नाही. इकडं मार्चपासून जूनपर्यंत कूलर बंद म्हणजे झोप बंद. उघड्या हेडफोनमधून तो पूर्ण आत येते, मग माणूस आवाज वाढवते. एका रात्री लाइन गेली, कूलर थांबला, आणि एकदम कळलं की मी केवढ्या मोठ्यानं ऐकून राहिलो होतो, कानात नुसता कल्ला. हेडफोन वायरवाला, त्याला लाइन गेली काय आणि आली काय, तो आपला सुरूच. तेव्हापासून कूलर असला तरी आवाज एका खुणेवरच ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास असा आहे, त्याच्यावर गेलं की तास झपाट्यानं कमी. मेटलवाल्यांनी तर हे पाहायलाच पाहिजे, आमचा हात आवाज वाढवायलाच शिवशिवते.

आणि उन्हाळ्यात कान घामेजतात हे खरं. रेग्झिनचे कुशन आणि 45 डिग्री, त्यात कोणाचा काय दोष. जुन्या बनियनचं कापड कापून इलॅस्टिक लावून कव्हर शिवले, आईनं शिवले म्हणजे. दर रविवारी धुते.

आणखी एक, काही अल्बमचा दोष हेडफोनच्या माथी मारू नका. मेटालिकाच्या 1988 च्या "अँड जस्टिस फॉर ऑल"मधे बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, मिक्सिंगलाच दाबली आहे, मी दोन दिवस वायर हलवून पाहत होतो. आणि त्यांचंच 2008 चं "डेथ मॅग्नेटिक" इतकं दाबून मास्टर केलेलं, म्हणजे शेवटच्या टप्प्यात सगळाच आवाज एकसारखा मोठा केलेला, की आवाज फाटतो, गिटार हिरो गेममधे तीच गाणी जास्त साफ वाजतात म्हणून लोकांनी तेव्हा बोंब मारली होती. हेडफोन चांगला असला की उलट हे जास्तच दिसते.

चार हजार जमत नसतील तर कानात घालायचा वायरवाला घ्या, मूनड्रॉप चू किंवा त्याच पट्टीतला एखादा, दोन हजाराच्या आसपास. रबर नीट बसला तर कूलर जास्त अडते आणि गिटार साफ येते. शेजारच्या पोराला मी तोच घ्यायला लावला. पण मला तास-दीड तासानं कानात दुखते, म्हणून कपवालाच. सोनीचा झेडएक्स110 हलका आहे, स्वस्त आहे, पण कानावर नुसता टेकते, कूलरपुढं त्याचं चालत नाही.

बाबांनी एक दिवस मागितला, राष्ट्रसंतांची खंजिरी भजनं ऐकायला. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अबे, खंजिरीच्या झांजा बी वेगवेगळ्या आयकू येऊन रायल्या." तेव्हापासून संध्याकाळी सात ते नऊ तो त्यांच्याकडं असते आणि मला काही बोलता येत नाही, कारण किंमत त्यांना अजून पंधराशेच माहीत आहे.

ऑनलाइन मागवाल तर पार्सल स्टँडवरच उघडा, डावा-उजवा दोन्ही वाजतात का पाहा, वायर जॅकपाशी हलवून खरखर येते का पाहा, आणि मगच गाडीला किक मारा. परत द्यायचं ठरलं तर चौदा किलोमीटर तुम्हालाच पुन्हा यायचं आहे.