मिक्सर ओढणाऱ्या पिकअपला आरसे: तीन जोड्या घेतल्या, एक राहिली

सुरुवात तुळशीकट्ट्यापासून करतो, कारण आरशांवर पैसे घालायची बुद्धी मला तिथं झाली.

माझं काम स्लॅबचं. गाव येळ्ळूर, आणि काम बेळगाव, खानापूर, कधी हुक्केरीपर्यंत. नवी पिकअप घेऊन आठवडा झाला होता. नंदगडच्या बाजूला एका घराचा स्लॅब होता. मागं ओढायला काँक्रीटचा मिक्सर, हौद्यात स्लॅबखाली लावायच्या सेंट्रिंगच्या प्लेटा आणि बल्ल्या. अंगणात डावीकडं वळलो. गाडी निघाली, मिक्सर निघाला नाही. खळ्ळ असा आवाज आला. उतरून बघतो तर मिक्सरचं मागचं चाक कट्ट्यावर चढलेलं आणि तुळस आडवी. घरच्या काकू पदर खोचून बाहेर आल्या, “अरे, तुळस पाडलास की रे! बघून तरी वळायचं न्हवं?” बघायला आरशात काय दिसायला पाहिजे की नको? मिक्सर वळताना आत कापतो, म्हणजे गाडीपेक्षा आतून जातो, हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. पण जुन्या गाडीचे आरसे बाहेर होते, नवीचे दाराला चिकटून. दुसऱ्या दिवशी गवंड्याला नेऊन कट्टा नव्यानं बांधून दिला, वर टाइल्स लावून. मजुरी, सिमेंट, टाइल्स धरून तो खर्च सगळ्यात चांगल्या आरशांपेक्षा जास्त झाला.

गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही. या साइजच्या सगळ्याच पिकअपचे आरसे साधारण तेवढेच. नुसती गाडी असेल तर ते पुरतात. पण टेप लावून बघा. माझ्या गाडीची बॉडी पाच फूट सात इंच. मिक्सर १०/७ चा, म्हणजे दहा घनफूट कोरडा माल आत, सात घनफूट ओला बाहेर, एका पोत्याचा. हॉपर, म्हणजे माल टाकायचं तोंड, वर उचलून बांधला तरी तो सहा फूट दहा इंच भरतो आणि डावीकडं जरा जास्तच येतो. म्हणजे मागचं जनावर पुढच्यापेक्षा सव्वा फूट रुंद. आतला मधला आरसा तर प्लेटा भरल्या की देवाला नमस्कार करण्यापुरताच.

पहिली जोडी: चिकटवायचे गोल आरसे. मोबाइलच्या दुकानात पण मिळतात हल्ली. दोनशे रुपयात दोन. कंपनीच्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटवले. बटनाएवढा गोल, त्यात पूर्ण रस्ता, शेत, आभाळ, डेअरीची गाडी, सगळं मावतं आणि काहीच कळत नाही. फुगीर काचेत सगळं बारीक आणि लांब दिसतं. जवळ आलेली मोटरसायकल मुंगीएवढी. आणि मुख्य म्हणजे, आरसा तिथंच असला तर त्याची नजर पण तिथूनच जाणार. मिक्सरच्या आडचं त्याला कसं दिसावं? पंधरा दिवसात उन्हानं डिंक सुटला, एक काकतीजवळ पडला, दुसरा मीच काढला. पार्किंगला कार लावणाऱ्यांसाठी ठीक आहेत. ओढणाऱ्यांनी नाद करू नये.

दुसरी जोडी ऑनलाइन मागवली. परदेशात कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, गाडीमागं ओढतात ना, त्यांच्यासाठीची. कंपनीच्या आरशावर रबरी पट्ट्यानं बांधायची, दांडा बाहेर काढायचा. व्हिडिओ इतके बघितले की बायको म्हणाली, आता अमेरिकेलाच जावा. तिकडच्या मोठ्या पिकअपला कंपनीचेच ओढून लांब करायचे आरसे येतात, काच गरम होणारे, इंडिकेटरवाले. पण ती गाडी म्हणजे आपल्या टाटा ४०७ ट्रकची बहीण. आपल्या पिकअपला तसले तयार मिळत नाहीत, म्हणून हे बांधायचे घेतले, अठराशे रुपये.

बांधणी चांगली होती, खोटं बोलत नाही. काच सपाट, स्वच्छ. उभ्या गाडीत बघितलं तर मन भरलं. मग खानापूर सोडून आत गावाच्या रस्त्याला लागलो. तिकडचा तांबडा रस्ता आणि त्यावरचे स्पीडब्रेकर ज्यांनी बघितलेत त्यांना पुढचं सांगायला नको. एकाच दांड्यावर टांगलेली काच, तिला खालून आधार नाही. ती अशी थरथरायला लागली की मागच्या एका ट्रकचे मला दोन दिसले. दोन्ही हॉर्न मारत होते. जांबोटीच्या पुढं एका ब्रेकरवर डावा आरसा पट्ट्यासकट फिरला आणि मला माझंच तोंड दाखवायला लागला. गुळगुळीत हायवेसाठी केलेली वस्तू आहे ती. वस्तूची चूक म्हणणार नाही, जागा चुकली. परत पाठवायला गेलो तर मुदत दोन दिवसापूर्वी संपलेली.

एक गोष्ट मात्र त्या व्हिडिओंतून कामाची मिळाली. इंग्लंडमध्ये नियम आहे: मागचा कॅरॅव्हॅन गाडीपेक्षा रुंद असला की जादा आरसे लावायचेच, आणि ड्रायव्हरच्या मागं २० मीटरवर कॅरॅव्हॅनच्या बाजूपासून ४ मीटर रुंद पट्टा आरशात दिसला पाहिजे. हे मोजता येतं. आणि मोजायचं सामान माझ्याइतकं कुणाकडं असणार? लाइनदोरी, तीस मीटरची टेप, फक्की, सगळं गाडीतच.

गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणावर गाडी-मिक्सर सरळ रेषेत लावला. फक्कीनं मिक्सरच्या बाजूची रेषा मागं २० मीटरपर्यंत मारली, तिथून बाहेर ४ मीटरवर खूण केली. आमच्या सेंट्रिंगच्या पोराला डोक्यावर घमेलं देऊन त्या खुणेवर उभं केलं आणि म्हटलं, सरळ मिक्सरच्या रेषेकडं चालत ये, मी हाक मारेन तिथं थांब. कंपनीच्या डाव्या आरशात तो ४ मीटरवर दिसला, तीनवर दिसला, दोनवर दिसला. मग रेषेपासून दीड-दोन फुटावर आला आणि गायब. घमेल्यासकट. मोटरसायकलवाला नेमका तिथूनच शिरतो. आणि मिक्सरचं चाक, ज्यानं तुळस पाडली, ते तर दिसतच नव्हतं.

पोरगा बैलहोंगलकडचा, कन्नड बोलणारा. आरशाला कन्नडमध्ये ‘कन्नडी’ म्हणतात. तो दर वेळी ओरडायचा, “अण्णा, कन्नडी नोडी!” म्हणजे आरशात बघा. आमच्याकडं भाषेवरून काय चालतं ते पेपरात येतच असतं. पण गाडी मागं घेताना येळ्ळूरचा माणूस पण कन्नडच ओरडतो: “बर्ली, बर्ली, बर्ली... साक!” म्हणजे येऊ दे, येऊ दे... बस!

तिसरी जोडी मग कणबर्गीच्या ऑटोनगरात केली. घेतली नाही, केली. ट्रकच्या आरशांच्या दुकानात बारा बाय सहा इंचाच्या काचा घेतल्या. दुकानदार चांगला निघाला. त्यानं पहिलं विचारलं, “मागं काय ओढताय, किती रुंद?” आधीच्या दोन ठिकाणी कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाला, “डावी आणि उजवी सारखी घेऊ नका.” हे मला पटलं आणि वापरून जास्त पटलं. आपण बसतो उजवीकडं. उजवा आरसा हाताच्या अंतरावर, त्यात सपाट काच चालते, मागची गाडी आहे तेवढीच दिसते, ओव्हरटेक करणाऱ्याचा अंदाज बरोबर येतो. डावा आरसा मात्र केबिनच्या पलीकडं. तिथं सपाट काच लावली तर चिंचोळी पट्टीच दिसणार. म्हणून डावीकडं किंचित फुगीर मोठी काच, आणि दोन्हीकडं खाली एक-एक गोल फुगीर, चाक बघायला.

खरी गोष्ट काचेत नाही, दांड्यात आहे. माझे दांडे अर्धा इंची पाइपचे, इंग्रजी सी अक्षरासारखे वाकवलेले, वर एक आणि खाली एक असे दोन ठिकाणी धरलेले. वेल्डरनं दाराच्या पत्र्याला भोक पाडायचा विचार केला होता. मी थांबवलं. दाराचा पत्रा आजकाल डालड्याच्या डब्याएवढा, चार महिन्यात फाटला असता. बिजागरीच्या बोल्टवर पट्टी घेऊन त्यावर दांडा बसवला. रबरी वायसर, वर स्प्रिंग वायसर, आणि चेक नट. थरथर शून्य झाली असं नाही, पण आता मागच्या ट्रकचा नंबर वाचता येतो. घरातून निघताना पाना फिरवायचा, आठवड्यातून एकदा, एवढं करावं लागतं.

काचा, पाइप, वेल्डिंग, काळा रंग धरून सव्वीसशे. रुंदीचं म्हणाल तर नियमात गाडी २.६ मीटरपर्यंत चालते आणि त्यात आरसा धरत नाहीत. माझे आरसे मिक्सरच्या रेषेच्या तीन-चार इंच बाहेर आहेत, जास्त नाही. एवढेच पाहिजेत. पटांगणावर परत परीक्षा घेतली. पोरगा मिक्सरला हात लावेपर्यंत दिसला. खालच्या गोल काचेत मिक्सरचं चाक आणि त्याच्याखालची फक्की पण. “चलो ऐती,” तो म्हणाला, म्हणजे चांगलं आहे. आमच्यात यापेक्षा मोठी शाबासकी नाही.

सहा महिने झाले. आता कुरकुर.

शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत हे आरसे डोकेदुखी आहेत. एका बाजूला कापड विणायच्या मागांचा खडखडाट, दुसऱ्या बाजूला लावलेल्या स्कुटी, आणि मध्ये तुम्ही दोन कान पसरून. मिक्सर नसेल तेव्हा ते दुमडावे लागतात, आणि डावा दुमडायला उतरून पलीकडं जावं लागतं. वेल्डरला सांगून सांध्यात स्प्रिंग घालून घेतली हे शहाणपण. एकदा समोरून आलेल्या बसनं उजव्याला टक्कर दिली, आरसा मागं झोपला, काच वाचली. स्प्रिंग नसती तर दार गेलं असतं.

डाव्या फुगीर काचेनं एकदा फसवलंच. वंटमुरीच्या घाटात मला वाटलं मागचा टेम्पो लांब आहे. डावीकडं घ्यायला गेलो तर तो दाराशी. तेव्हापासून डावीकडं दिसलेलं सगळं अर्ध्या अंतरावर आहे असंच समजतो.

पाऊस. कणकुंबीच्या बाजूला जुलैमध्ये पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको, मलप्रभा उगमालाच नदी होते. मोठी काच, त्यामुळं थेंब पण मोठ्या जागेवर. कापडानं पुसलं की दोन मिनिटात परत तेच. आमच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं कमरेची पिशवी काढली, निपाणीची तंबाखू ओली करून काचेवर चोळली. थेंब थांबेनात, ओघळून जायला लागले. तासभर टिकतं. खाण्यापेक्षा हा उपयोग बरा.

आणि मिक्सरच्या बरोबर पाठीमागं काय आहे ते कुठलाही आरसा दाखवत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत, मी सांगतो. तिथं पोरगाच लागतो. शिवाय माझा मिक्सर चार चाकांचा, पुढची चाकं दांड्याबरोबर वळणारी. गाडी आणि दांडा एक सांधा, दांडा आणि मिक्सर दुसरा. तो रिव्हर्समध्ये सरळ नेणारा ड्रायव्हर मी अजून बघितला नाही. आम्ही सोडवतो आणि सहा जण ढकलतो. आरसा कितीही चांगला असला तरी हे काम सुटलेलं नाही.

शेवटची तक्रार अशी की घरासमोर गाडी लावली की एक बुलबुल येतो आणि उजव्या सपाट काचेतल्या बुलबुलाशी सकाळी सहापासून भांडतो. काचेवर चोचीच्या खुणा, दारावर शिटेचे ओघळ, आणि आवाज असा की शेजारी विचारतात कोण ठोकतंय. आता रात्री दोन्ही आरशांवर सिमेंटची रिकामी पोती उलटी घालून सुतळीनं बांधतो.