ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी: काही महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, या कोशात मराठी अर्थ नाही. अडलेल्या शब्दाचा अर्थ तेवढा बघायचा असेल तर घरातला जुना इंग्रजी-मराठी कोश पुरतो. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी मी घेतली ती लिहिण्यासाठी. शिक्षण मराठी माध्यमात झालेलं, वाळूजच्या एका कंपनीत परचेसला आहे आणि निम्मा दिवस बाहेरच्या सप्लायरना मेल लिहिण्यात जातो.

लिहिणाऱ्याच्या कामाचा खरा माल अर्थाच्या आधी चौकटी कंसात बसलेला असतो. छापील कोशात नामांपुढे 'सी' किंवा 'यू' असं अक्षर असतं: मोजता येणारं नाम, न मोजता येणारं नाम. ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, इक्विपमेंट, फर्निचर या सगळ्यांना 'यू'. म्हणजे शेवटी 'एस' नाही आणि आधी 'ॲन'ही नाही. आपल्या ऑफिसांतून रोज किती 'इक्विपमेंट्स' बाहेर पडतात ते आठवून बघा!

क्रियापदांच्या नोंदी त्याहून कामाच्या. कुठलं क्रियापद थेट कर्म घेतं, कुणाला 'टू' लागतो, कुणामागे 'आयएनजी'चं रूप येतं, हे सगळं उदाहरणांसकट दिलेलं आहे. 'डिस्कस'ला 'अबाउट' लावायचं नाही. 'सजेस्ट मी' चालत नाही. 'लुक फॉरवर्ड टू'नंतर 'हिअर' नाही, 'हिअरिंग'. आपण मराठीत एखाद्या विषयाबद्दल चर्चा करतो, त्यामुळे ते 'अबाउट' हातून आपोआप उमटतं. व्याकरणाचं पुस्तक कितीही वाचलं तरी ते सुटत नाही, कारण तो सरसकट नियम नाहीच. प्रत्येक क्रियापदाची खोड वेगळी, ती त्याच्याच नोंदीत बघावी लागते.

हे असं का, ते कोशाच्या जन्मकथेत कळतं. कोशाचे मूळ संपादक ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि या कोशाची पहिली आवृत्ती १९४२ साली टोकियोत निघाली. परक्या भाषकाला वाक्य जुळवता यावं हाच पहिल्यापासूनचा हेतू. व्याख्यासुद्धा बहुतेक नेहमीच्या ३००० शब्दांत बसवलेल्या असतात, त्यामुळे एक शब्द शोधताना आणखी चार शोधावे लागत नाहीत.

शब्दांच्या जोड्यांचा फायदा मेलमध्ये लगेच दिसतो. ऑर्डर 'प्लेस' करतात, डेडलाइन 'मीट' करतात. असे तुकडे मी सुटे न लिहिता अख्ख्या वाक्यासकट वहीत उतरवतो आणि पुढच्या मेलमध्ये मुद्दाम वापरतो. नुसता कोश चाळून शब्दसंग्रह वाढतो यावर माझा विश्वास नाही. आणखी एक गंमत म्हणजे 'प्रीपोन' इथे सापडतो, पण भारतीय इंग्रजी असा शिक्का लागून. मीटिंग अलीकडे घेण्याबद्दल जर्मनीला लिहिताना तो शिक्का फार उपयोगी.

आता मर्यादा. 'द' कुठे घालायचा हे कोशातून पूर्ण कळत नाही. नाम मोजता येतं की नाही एवढं कळतं, पण वाचणाऱ्याला ती वस्तू आधीच ठाऊक आहे का, यावर 'द' ठरतो आणि ते मागच्यापुढच्या वाक्यांवरून ओळखायचं असतं. त्यासाठी भरपूर सराव असलेलं व्याकरणाचं पुस्तक शेजारी हवंच. परिच्छेद कसा बांधावा, नकार सौम्य कसा कळवावा, हेसुद्धा एकेका शब्दाच्या नोंदीतून हाती लागत नाही. शाळेतल्या मुलांना मी हा कोश इतक्यात देणार नाही, ती इंग्रजी व्याख्येतच अडकतील.

छापील प्रत चांगली जाडजूड आहे, ती घरीच राहते. ऑफिसात वेबसाइट उघडतो. तिथे ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात, नेहमीच्या शब्दांपुढे ए१ (अगदी सुरुवातीची) ते सी१ (प्रगत) अशी पातळी दिसते, आणि शब्द बघायला पैसे पडत नाहीत. घ्यायचा विचार असेल तर आधी महिनाभर वेबसाइटच वापरा. त्या चौकटी कंसांकडे नजर वळायला लागली, तर मग पुस्तकावर पैसे घाला.