सरकारी हॉस्पिटलची स्किन ओपीडी: ५ पैकी ४ स्टार, एक रांगेसाठी कापलाय

अण्णांच्या मांडीवर लालसर चट्टा होता, दुखत नाही खाजत नाही, मेडिकलमधून आणलेली गजकर्णाची ट्यूब लावायची, थोडं फिकं पडायचं आणि परत कड पुढे सरकायची. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, चट्टा कातडीच्या टीबीचा असेल (अण्णांचा तोच निघाला) तर ते उलट झाकून ठेवतं. असल्या ट्यूबा चिठ्ठीशिवाय कशा विकतात देव जाणे!

शेवटी जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलला नेलं. केस पेपरच्या रांगेत अख्खी सकाळ गेली, बसायला बाकडं नाही, पंखा बंद. पण आतल्या मॅडम एक नंबर. काचेची पट्टी चट्ट्यावर दाबून धरली, लाली गेली आणि खाली पिवळट-तपकिरी ठिपके राहिले, मलाही वाकून बघायला लावलं. म्हणाल्या, "काका, गजकर्ण मध्यभागी बरं होतं पण असा व्रण ठेवत नाही. हा कातडीचा टीबी वाटतोय, तुकडा काढून बघू."

मग मॅन्टू (टीबीसाठी हातावर सुई देऊन करायची टेस्ट, तिथली गाठ ४८ ते ७२ तासांत दाखवायची, उशीर केला तर वाया), छातीचा एक्सरे आणि बायोप्सी. सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधायची मशीनची टेस्ट) निगेटिव्ह आली तेव्हा आम्ही खूश, तर मॅडम म्हणे कातडीत जंतू फार थोडे असतात, निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं होत नाही. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसतात तशा पेशींच्या बारीक गाठी) निघाले, या कातडीच्या टीबीचं नाव ल्युपस व्हल्गॅरिस.

गोळ्या सगळ्या फुकट, वजनावर डोस, ६ महिने रोज. पहिले २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने तीन. लघवी केशरी होते, आधीच सांगितलेलं म्हणून अण्णा घाबरले नाहीत. नजर धूसर झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच या, हेही बजावलं. निक्षयमध्ये (टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत) नाव घातलं की पोषण आहाराचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते), फक्त बँकेचं पासबुक सोबत न्या.

एक्सरे क्लीन होता तरी आमच्या एका पाहुण्याने अण्णांचं ताट वेगळं ठेवायला सांगितलं. कातडीचा टीबी ताटावाटे पसरत नाही हे तिथल्या सिस्टरने घरच्यांना बसवून समजावलं, बिल लावणाऱ्या खाजगीवाल्यांनी एवढा वेळ दिला नसता. दोन महिन्यांत चट्टा सपाट झालाय, व्रण मात्र राहणार असं मॅडम म्हणाल्या. जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि पाण्याची बाटली घेऊन जा.