ऑप्टक्वेस्टचा पहिला नंबर लगेच उचलू नका, आधी केएन चालवा

सिमिओ या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये ऑप्टक्वेस्ट (चांगली सेटिंग शोधणारं) आणि केएनचं अ‍ॅड-इन (सापडलेल्यांतून सर्वोत्तम निवडणारं) अशी जोडी बरेच दिवस वापरतेय आणि मनापासून सांगते, दोन्ही एकामागोमाग वापरलीत तरच खरी मजा आहे.

माझं मॉडेल प्रॉडक्शन लाइनचं, बफरच्या साइझ आणि मशिनींची संख्या ठरवायची, कॉम्बिनेशन इतकी की सगळी रन करायला जन्म पुरणार नाही. इथे ऑप्टक्वेस्ट भारी आहे, स्कॅटर सर्च, टॅबू सर्च या शोधपद्धती वापरून पटकन चांगल्या भागात नेऊन सोडतं. पण आधी मी दुसऱ्या एका पॅकेजवर होते तेव्हा सर्च संपला की वर जे दिसेल तेच रिपोर्टमध्ये टाकायचे, आणि एकदा तेच सेटिंग नवीन रँडम नंबरवर चालवलं तर आकडा धाडकन खाली आला. चूक सर्चची नव्हतीच हो, शेकडो सिनॅरिओ (म्हणजे सेटिंगची एकेक कॉम्बिनेशन) पाच-पाच रेप्लिकेशनवर (म्हणजे दर वेळी वेगळ्या रँडम नंबरवरच्या रनवर) तोलले की कोणीतरी निव्वळ नशिबाने वर येणारच, आणि आपण नेमका तोच उचलतो! 2003 मध्ये बोझेल, नेल्सन आणि किम यांनी याच दुखण्यावर लिहिलंय, की सर्च संपल्यावर रँकिंग अँड सिलेक्शनने, म्हणजे मोजक्या पर्यायांतून सर्वोत्तम निवडायच्या संख्याशास्त्रीय पद्धतीने, साफसफाई करा.

केएन म्हणजे त्यातलीच, किम आणि नेल्सनची 2001 ची पद्धत. वरचे पंधरा-वीस सिनॅरिओ ठेवायचे, बाकीच्यांची टिक काढायची, कॉन्फिडन्स लेव्हल (निवड बरोबर असल्याची किती खात्री हवी) आणि इंडिफरन्स झोन द्यायचा, म्हणजे किती फरक असला तर आपल्याला खरंच फरक पडतो तो आकडा. मग ते गरजेपुरत्या रेप्लिकेशन वाढवत जातं, जे उघड मागे पडलेत त्यांच्यावर वेळ घालवत नाही, आणि शेवटी ज्याच्यापुढे टिक उरते तो आपला.

फक्त तो झोन उगाच बारीक देऊ नका, मी दिला होता, रात्रभर रन संपेना. झोन अर्धा केला की जास्तीत जास्त लागू शकणाऱ्या रेप्लिकेशन चौपट होतात. आणि गॅरंटी तुम्ही दिलेल्या यादीपुरतीच आहे, सर्चला जे सापडलंच नाही ते केएन कुठून आणणार, म्हणून सर्चला घाईघाईत थांबवू नका.

माझ्याकडे शेवटी टिक उरली ती ऑप्टक्वेस्टच्या यादीत चौथ्या नंबरवर असलेल्या सिनॅरिओपुढे, एक मशीन कमी असलेल्या. तोच नवीन रँडम नंबरवर पुन्हा चालवला, आकडा जागचा हलला नाही.