एक्सआरपी: ११ महिन्यांचा अनुभव, आणि टॅगची ती चौकट

एक्सआरपी हे एक क्रिप्टो कॉइन. मार्च २०२५ च्या मध्यात माझ्या वॉलेटमधून, म्हणजे कॉइन ठेवायच्या फोनमधल्या अ‍ॅपमधून, एक्सचेंजकडे, म्हणजे कॉइनच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराकडे, पाठवलेले ३०० एक्सआरपी चार सेकंदांत पोचले. माझ्या खात्यात दिसायला मात्र २३ दिवस लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये ५० रुपयांच्या आसपास भाव असताना मी ५०० घेतले होते. पण आज लिहायला बसले ती त्या २३ दिवसांमुळे.

कारण एकच, डेस्टिनेशन टॅग. एक्सचेंजचे सगळे ग्राहक एकाच पत्त्यावर एक्सआरपी पाठवतात आणि कुणाचे कुठले हे टॅगच्या आकड्यावरून ठरतं. सोसायटीच्या खात्यात मेंटेनन्स भरताना फ्लॅट नंबर लिहायचा राहिला की सेक्रेटरी विचारत फिरतात, तसंच. मी पत्ता पेस्ट केला, रक्कम टाकली आणि पाठवून दिलं. माझ्या वॉलेटमध्ये फोनचा कीबोर्ड वर आला की टॅगची चौकट त्याच्याखाली जाते. वर सरकवून पाहिलं तर चौकटीत फिकट करड्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘ऑप्शनल’. जो आकडा नसेल तर ६० हजार रुपये लटकतात, तो ऑप्शनल कसा? मला याचा अजून संताप येतो.

एक्सचेंजकडे तक्रारीचं तिकीट टाकलं. पहिली चार उत्तरं शब्दन् शब्द सारखी होती. एक्सप्लोररमध्ये, म्हणजे एक्सआरपीचे व्यवहार कुणालाही पाहता येतात त्या वेबसाइटवर, पैसे त्यांच्याच पत्त्यावर पडलेले दिसत होते. हॅश, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, दिला, स्क्रीनशॉट दिले. मग एका हातात आधार कार्ड आणि दुसऱ्या हातात हॅश लिहिलेला कागद धरून व्हिडिओ मागितला, तोही दिला. शेवटी ‘रिकव्हरी चार्ज’ म्हणून २० एक्सआरपी कापून २८० जमा झाले. तोवर भाव २०० वरून दीडशेच्या घरात आला होता. लेजरची, म्हणजे एक्सआरपीचे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या सामायिक खातेवहीची, स्वतःची फी ०.००००१ एक्सआरपी, म्हणजे २०० च्या भावाने एका पैशाचा पाचवा हिस्सा. त्या व्यवहारावर ३ हजार रुपये घेतले गेले. आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि त्यातून खरेदीच्या किमतीशिवाय काहीही वजा करता येत नाही, त्यामुळे हे ३ हजार करातही धरता येणार नाहीत.

महिनाभर मी कॉइनलाच दोष देत होते. भेटेल त्याला सांगायचे, यात पडू नका. मग लेजरची तांत्रिक माहिती शांतपणे वाचली आणि माझं मत बदललं. लेजरमध्ये ‘रिक्वायर डेस्ट’ नावाचं सेटिंग आहे. खातेदाराने ते चालू केलं की टॅग नसलेलं पेमेंट लेजर स्वतःच नाकारतं आणि पैसे पाठवणाऱ्याकडेच राहतात. खात्यांची सेटिंग्ज कुणालाही पाहता येतात, म्हणून त्या एक्सचेंजचा पत्ता उघडून पाहिला. सेटिंग बंद! पत्ता आणि टॅग एकत्र करणारा ‘एक्स-अ‍ॅड्रेस’सुद्धा २०१९ पासून आहे. माझ्या वॉलेटमध्ये तो चालत नाही.

दुसरी कुरकुर होती रिझर्व्हची. वॉलेट चालू करायला १० एक्सआरपी अनामत ठेवावे लागत. ५०० रुपये गेले तेव्हा मी चडफडले होते. नोव्हेंबरात भाव चढत गेला तशी ही अडकलेली रक्कम दीड हजारांवर गेली. पण डिसेंबर २०२४ मध्ये व्हॅलिडेटर्सनी, म्हणजे लेजरवरचे व्यवहार तपासणारे संगणक चालवणाऱ्यांनी, मतदान करून ती १ एक्सआरपीवर आणली आणि माझे ९ एका सकाळी मोकळे झाले. अर्ज नाही, फोन नाही.

बाकी तंत्रज्ञानाबद्दल तक्रार नाही. २०१२ पासून हे लेजर चालू आहे, बिटकॉइनसारखं मायनिंग नाही, ८० टक्के विश्वासू व्हॅलिडेटर्सचं एकमत झालं की व्यवहार पक्का. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते सुमारे तासभर थांबलं होतं, पण कुणाची शिल्लक हरवली नाही.

भावाचं मात्र मला वेगळं वाटतं. ५० चे २०० झाले ते अमेरिकेतल्या निवडणुकीनंतर. लेजर तेच, फी तीच, वेग तोच. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी नियामकाने, एक्सआरपीचा मोठा साठा बाळगणाऱ्या रिपल कंपनीवर भरलेला खटला ऑगस्ट २०२५ मध्ये संपला, आणि मधल्या काळात निकालाच्या प्रत्येक बातमीवर भाव वरखाली झाला. पैसे पाठवायला हे कॉइन चार-पाच सेकंद हातात असलं तरी पुरतं, मग वापर वाढला म्हणून भाव वाढेलच असं कशावरून? त्यात रिपलने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःचं डॉलरशी बांधलेलं कॉइनही आणलं. शिवाय रिपलने २०१७ मध्ये एस्क्रोत, म्हणजे मुदतीच्या कुलपात, ठेवलेल्या ५५ अब्ज एक्सआरपींपैकी दर महिन्याला १ अब्ज खुले होतात. त्यातले बरेच परत कुलपात जातात, तरी हा साठा डोक्यावर असतोच.

दुबईचा भाचा विचारत होता, “मावशी, घरचे पैसे यावरून पाठवू का?” मी म्हटलं, “नको रे, बँकेतूनच पाठव.” चार सेकंदांत आलेले एक्सआरपी इथे रुपयांत आणताना १ टक्का टीडीएस आधी कापला जातो. परतावा मिळतो, पण रिटर्न भरल्यावर. आईच्या औषधांचे पैसे तोवर थांबत नाहीत.

ते २८० मी एप्रिलमध्येच वॉलेटमध्ये परत आणले. जुलैत भाव ३०० च्या आसपास गेला तेव्हा विकायचं ठरवलं, पण आधी दुसऱ्या एक्सचेंजचा पत्ता एक्सप्लोररमध्ये तपासला. तिथे सेटिंग चालू दिसलं. तरी खात्री करायची म्हणून मुद्दाम टॅग न घालता १ एक्सआरपी पाठवला. चार सेकंदांत स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं, ‘टॅग नीडेड’. शिल्लक पाहिली. फीचा तो कण सोडला तर सगळे जागच्या जागी होते. मग टॅग घालून २८० पाठवले आणि चहा गाळून येईपर्यंत ते माझ्या नावावर जमा झाले होते.