टीमक्स आठ महिने वापरल्यावर: रंग बिघडतात कुठे

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून दोनदा तरी जायची. लॅपटॉप चालू राहायचा, पण राउटर बंद पडला की एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरशी असलेली जोडणी, तुटायचं आणि तासभर चाललेला डेटाबेसचा बॅकअप अर्ध्यातच मरायचा. त्यासाठी टीमक्स घेतलं, म्हणजे टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चालणारा आणि कामांची सेशनं सांभाळणारा प्रोग्रॅम. ते काम त्याने पहिल्या दिवसापासून चोख केलं. कनेक्शन गेलं तरी सर्व्हरवरचं सेशन जिवंत असतं, परत येऊन 'टीमक्स अटॅच' म्हटलं की कर्सर सोडला होता तिथेच सापडतो. त्या बाबतीत मला काहीच तक्रार नाही. मी लिहितोय ते रंगांबद्दल, कारण पहिले दोन महिने माझा जीव तिथेच अडकला होता आणि माझे दोन सहकारी तेवढ्याच कारणाने टीमक्स सोडून गेले.

लक्षणं अशी होती. विम या एडिटरमधली माझी मऊ करडी-निळी थीम टीमक्समध्ये उघडली की भडक दिसायची. तिरप्या अक्षरांतल्या कमेंट उलट्या रंगात, म्हणजे उजळ पट्टीवर काळ्या अक्षरांत यायच्या. डोळ्यांना इतका त्रास व्हायचा की कमेंट वाचणंच मी टाळू लागलो होतो.

सगळा घोळ सुटला तो एक गोष्ट समजल्यावर. टीमक्स हे स्वतःच एक टर्मिनल आहे. विमला तुमच्या स्क्रीनवरची खिडकी कधीच दिसत नाही, त्याला दिसतं फक्त टीमक्स. बाहेरची खिडकी दिसते ती टीमक्सला. म्हणजे इथे दोन वेगवेगळी संभाषणं चालतात, आणि दोन्हींत समोरच्याची ओळख 'टर्म' या व्हेरिएबलमधल्या नावावरून पटते. त्या नावाची नोंद टर्मइन्फो या टर्मिनलांच्या माहितीच्या कोठारात असते आणि समोरच्याला काय जमतं ते तिच्यात लिहिलेलं असतं. बाहेर हे नाव 'एक्सटर्म-२५६कलर' असू शकतं. आत मात्र ते 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स' याच घराण्यातलं असायला हवं.

माझ्या एका सहकाऱ्याने नेमकी इथेच चूक केली होती. बॅशआरसीमध्ये, म्हणजे शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) सुरू होताना वाचतं त्या फाइलमध्ये, त्याने 'टर्म'ला कायमचं 'एक्सटर्म-२५६कलर' देऊन टाकलं. रंग सुधारले, म्हणून तो खूश. आठवड्याभराने होम आणि एंड ही बटणं काही प्रोग्रॅममध्ये चालेनात. एक्सटर्मच्या नोंदीत त्या बटणांचे संकेत वेगळे आहेत आणि टीमक्स पाठवतं ते वेगळे. दोष बटणांचा नव्हता, नावाचा होता. ती ओळ काढून टाका. 'टर्म' बाहेर टर्मिनलने ठरवावं आणि आत टीमक्सने, शेलने त्यात हात घालू नये. बॅशआरसीत 'टर्म' लिहिण्याचा हा उपाय इतक्या ठिकाणी इतक्या खात्रीने सांगितला जातो की मला त्याचा मनापासून राग येतो.

तिरप्या अक्षरांचं कारण जुनं आहे. टीमक्सच्या आधी ग्नू स्क्रीन हा तसाच प्रोग्रॅम होता, १९८७ पासूनचा. बहुतेक टर्मिनल ज्या संकेताला तिरपी अक्षरं मानतात, तोच संकेत 'स्क्रीन'च्या नोंदीत ठळक उठावासाठी वापरलेला आहे. टीमक्सच्या 'डिफॉल्ट-टर्मिनल' या पर्यायात 'स्क्रीन' किंवा 'स्क्रीन-२५६कलर' असेल, तर टीमक्स तो जुना करार पाळतं आणि तिरप्याऐवजी उलटा रंग देतं. तिथे 'टीमक्स-२५६कलर' लिहिलं आणि त्याच मिनिटाला कमेंट तिरप्या झाल्या. त्या संध्याकाळी मी तीन जुन्या फाइल नुसत्या बघण्यासाठी उघडल्या.

भडकपणा अजून होताच. २५६ रंगांचा संच म्हणजे १६ मूळ रंग, ६×६×६ च्या घनातले २१६ आणि २४ करड्या छटा. माझ्या थीमला २४ बिटांचे रंग लागतात. बाहेरच्या टर्मिनलला ते झेपतात हे टीमक्सला कळलं नाही, तर ते प्रत्येक रंग २५६ पैकी जवळच्या रंगावर नेऊन बसवतं. मऊ निळ्याचा भडक निळा होतो तो असा. टीमक्समध्ये हे २४ बिटांचे खरे रंग २.२ या आवृत्तीपासून आहेत, पण बाहेरच्या टर्मिनलच्या नोंदीत ती क्षमता नसेल तर आपण सांगावी लागते. ३.२ पासून त्यासाठी 'टर्मिनल-फीचर्स' मध्ये बाहेरच्या टर्मिनलचं नाव आणि पुढे 'आरजीबी' लिहायचं. त्याआधीच्या आवृत्तीत 'टर्मिनल-ओव्हरराइड्स' मध्ये 'टीसी'. मी घरी डेबियन १२ या लिनक्सवर आहे, तिथे ३.३ए मिळतं. कामाचा एक सर्व्हर उबुंटू २०.०४ चा, तिथे ३.०ए. घरची कॉन्फिग (टीमक्सच्या सेटिंगची फाइल) जशीच्या तशी तिथे नेली तर 'टर्मिनल-फीचर्स' त्याला ओळखताच येत नाही. म्हणून दुसऱ्याची कॉन्फिग चिकटवण्याआधी 'टीमक्स -व्ही' चालवून आवृत्ती बघा.

नाव लिहिताना आणखी एक चूक होते. इथे बाहेरच्या टर्मिनलचं नाव द्यायचं असतं, आणि 'टर्म' बघायला लोक टीमक्सच्या आतच 'एको' करतात, म्हणजे ते नाव छापून बघतात. टीमक्समधून बाहेर या, मग बघा. नंतर आत जाऊन 'टीमक्स इन्फो' च्या यादीत 'आरजीबी' किंवा 'टीसी' शोधा. पुढे 'मिसिंग' दिसलं तर अजून काम बाकी आहे. तिथे सगळं ठीक असेल आणि तरीही विम काळंपांढरं दिसत असेल, तर प्रश्न विमचा आहे. माझ्याकडे विममधला खऱ्या रंगांचा 'टर्मगुईकलर्स' हा पर्याय चालू केल्यावर तसंच झालं होतं. 'टर्म' एक्सटर्म नसल्याने अक्षरांच्या आणि पार्श्वभूमीच्या रंगाचे दोन संकेत विमला हाताने द्यावे लागले.

बदल करूनही काही होत नाही, हा अनुभव सगळ्यांना येतो. कॉन्फिग पुन्हा वाचायला लावली तरी 'डिफॉल्ट-टर्मिनल' फक्त टीमक्सच्या आत नव्याने उघडलेल्या खिडक्यांना लागू होतं, आणि बाहेरच्या टर्मिनलच्या क्षमता टीमक्स अटॅच होताना तपासतं. म्हणून डिटॅच होऊन (सेशन चालू ठेवून बाहेर पडून) परत अटॅच व्हा आणि नवी खिडकी उघडा. 'किल-सर्व्हर' चा सल्ला मी देणार नाही, त्यात चालू असलेली सगळी कामं जातात. माझा एक बॅकअप तसाच गेला.

नव्या टर्मिनलमधून जुन्या सर्व्हरवर गेलात तर टीमक्स सुरूच होत नाही, 'मिसिंग ऑर अनसूटेबल टर्मिनल' म्हणतं. त्या सर्व्हरच्या कोठारात तुमच्या टर्मिनलची नोंदच नसते. आपल्या मशीनवर 'इन्फोकम्प -एक्स' ने ती काढून सर्व्हरवर 'टिक -एक्स' ने बसवली की झालं. रूटचे अधिकार लागत नाहीत, नोंद आपल्या होम फोल्डरमध्ये बसते.

आता मराठी. आमच्या सर्व्हरवर लोक मराठी नावांच्या फाइल चढवतात, 'सातबारा उतारा', 'पाणीपट्टी पावती' अशा. टीमक्समध्ये त्या नावांच्या जागी नुसत्या अंडरस्कोरच्या रांगा दिसायच्या. बाहेरच्या शेलमध्ये लोकेल (भाषा आणि अक्षरांचं सेटिंग) युटीएफ-८ नसेल तर टीमक्स असं करतं. 'एलसी_ऑल', 'एलसी_सीटाइप' आणि 'लँग' तपासा. ते हातात नसेल तर 'टीमक्स -यू' ने जोडा. अक्षरं लगेच दिसू लागली.

रांगा मात्र अजून सरळ नाहीत. टर्मिनल म्हणजे सारख्या घरांचा तक्ता, आणि कोणतं अक्षर किती घरं घेणार हे टीमक्स एका हिशोबाने मोजतं, बाहेरचं टर्मिनल दुसऱ्या. 'कु' मधल्या उकाराला वेगळं घर नसतं, 'की' मधल्या वेलांटीला बरेचदा मिळतं. 'क्ष' डोळ्यांना एक अक्षर, मोजणीत क आणि ष अशी दोन. दोघांचा हिशोब जुळला नाही की कर्सर भलतीकडे उभा राहतो आणि दोन पेनमधली (टीमक्सच्या खिडकीच्या दोन भागांमधली) उभी रेष त्या ओळीवर सरकते. दुसरा फॉन्ट, दुसरं टर्मिनल असं करून पाहिलं, थोडा फरक पडला, पूर्ण नाही. आपल्या लिपीची इतकी मूलभूत गोष्ट अजून अशी अडते याचं मला वाईट वाटतं.

तूर्तास मराठी नावांचं फोल्डर बघायचं असेल तर मी उभी पेन ठेवत नाही, फोल्डर असलेली पेन झूम करून पूर्ण खिडकीभर घेतो आणि काम झालं की परत लहान करतो.